सातवा प्रश्न

पुणे,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय निकू,

सप्रेम जय भीम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे तिथल्या तिथे फाडशील हे मला माहीत आहे, म्हणून पत्ता तेजसकडून लिहून घेतलाय. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याला भरीला पाडलं. तू माझा नंबर ब्लॉक केल्यापासून टपाल खात्याशिवाय मला वाली उरलेला नाही. तसंही आपण पोस्टमनच्या पोरी. बाबा म्हणायचे ना, फोनवर बोललेलं हवेत जाते, लिवलेलं घरात राह्यते. वाचून झाल्यावर तू हे जाळलंस तरी माझी तक्रार नाही, पण शेवटपर्यंत वाच. आणि वाचताना पोरीला मांडीवर घेऊ नकोस.

परवा तेजस माझ्याकडे आला होता. ऑफिस सुटल्यावर वारज्याची बस सोडून हिंजवडीहून थेट गुलटेकडीला, अडीच तास ट्रॅफिकमध्ये बसून. मार्केट यार्डामागच्या माझ्या खोलीत कांद्याचा वास येतो म्हणून तू नाक मुरडायचीस, त्याच खोलीत तो पलंगाच्या कडेवर बसला आणि चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही. मग त्यानं मोबाइलवर एक रिपोर्ट दाखवला. तुमच्या मुलीचं नाव अपेक्षा ठेवलंय हे मला त्या रिपोर्टवरून कळलं. छान नाव आहे. नावाखाली तेच लिहिलं होतं जे तुझ्या थोरल्याच्या, आयुषच्या, रिपोर्टवर होतं. सिकलसेल, आईकडूनही आणि बापाकडूनही. पोर चार महिन्यांची झाली आणि जन्मल्यावर दवाखान्यात टोचलं तेवढंच, त्यानंतर एकही लस नाही. आशाताई तीनदा दारात येऊन गेली आणि तिसऱ्यांदा तू तिच्या तोंडावर दार लावलंस. तेजस म्हणाला, ती ऐकूनच घेत नाही ताई, म्हणते आयुषला दिलीच होती ना लस, कुठे कामाला आली? एवढं बोलून तो रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं आणि गप्प बसले. गप्प बसण्यात मी आता तरबेज झालेय.

तुझं काही चुकतंय असं म्हणायला मी हे लिहीत नाही. जिनं एक लेकरू मातीत ठेवलं, तिनं दुसऱ्याला सुई लावू न देणं मला समजतं. पण तुझं ते वाक्य, लस कुठे कामाला आली, ते तुझं नाहीच. ते तुझ्या तोंडी कुठून आलं ते मला ठाऊक आहे. मला जरा मागून सुरुवात करू दे. एकदम लिहायचा धीर होत नाही.

तुला लहानपणापासून वाटायचं, ताईला सगळं कळतं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. साकोलीहून पुण्याला आले तेव्हा वर्गातल्या मुली माझ्या ‘करून राहिले, येऊन राहिले’ला खिदळायच्या. सहा महिन्यांत मी ती बोली टाकून दिली आणि त्यांच्यासारखीच खोचक बोलायला शिकले. एम.एस्सी. झाले, लसीच्या प्रयोगशाळेत लागले, आणि तिकडे बाबा पत्रं वाटता वाटता घरोघर सांगत सुटले की आमची नम्रता पुण्यात लसी तपासून राह्यली. मी लसी नाही तपासत बाबा, लस दिलेल्या पोरांचं रक्त तपासते, असं मी दहा वेळा सांगितलं. ते म्हणायचे, एकच गोष्ट हाय बाप्पा. पुढे मीच तेजसचं स्थळ आणलं, मीच तुम्हाला वारज्यात फ्लॅट बघून दिला, पडदेसुद्धा माझ्या पसंतीचे. तू हो म्हणायचीस. तुला वाटायचं, ताईनं बघितलंय म्हणजे बघायचं काही राहिलं नाही.

आयुषच्या पहिल्या लसीच्या आदल्या दिवशी तू पोळ्या लाटत होतीस आणि मी ओट्यावर बसून व्याख्यान देत होते, आठवतं? न्यूमोनियाच्या त्या जंतूच्या अंगावर साखरेचं कवच असतं, आणि तान्ह्या पोराच्या शरीराला नुसती साखर ओळखताच येत नाही. ती तशीच टोचली तर शरीर ढिम्म हलत नाही. म्हणून ती साखर एका प्रथिनाला जोडतात, ज्याला शरीर चटकन ओळखतं. मी म्हणाले, बाबांनी मला नुसतीच पाठवली असती तर हॉस्टेलच्या बाईंनी दारातसुद्धा उभं केलं नसतं, पोस्टमास्तरांच्या मेहुण्यांची चिठ्ठी बरोबर होती म्हणून आत घेतलं. त्यावर तू लाटणं हातात धरून म्हणालीस, म्हणजे लसीलाही वशिला लागतो म्हण की! आपण दोघी इतक्या हसलो की आयुष दचकून उठला. तीन डोस, मी तुला बोटांवर मोजून दाखवले होते. दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना, आणि नववा महिना पूर्ण झाला की तिसरा. पहिल्या दोघांनी शरीराची ओळख होते, तिसऱ्यानं ती पक्की होते. हे मीच सांगितलं होतं.

माझं काम काय असतं तेही तेव्हा सांगितलं होतं, पण आता नीट सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. लस दिल्यावर बाळाच्या अंगात त्या जंतूविरुद्ध किती अँटीबॉडी तयार झाली, ते आम्ही मोजतो. प्लास्टिकची एक प्लेट असते, तिच्यात शहाण्णव खळगे. त्यांत बाळांच्या रक्तातलं वरचं पाणी, म्हणजे सीरम, थेंब थेंब घालायचं. शेवटी पिवळा रंग येतो, हळद कालवल्यासारखा. जितका गडद, तितकी अँटीबॉडी जास्त. जंतूचे प्रकार अनेक, म्हणून प्रत्येक प्रकाराची प्लेट वेगळी. शून्य पूर्णांक पस्तीस ही रेघ. तिच्या वर आकडा असला की बाळाचं भागलं असं धरतात. आमच्या लॅबमध्ये सगळे दहावीच्या निकालासारखं बोलतात, पस्तीस म्हणजे काठावर पास. आणि प्रत्येक प्लेटच्या शेवटच्या रांगेत माझं सीरम असतं. आम्ही सहा जणांनी स्वखुशीनं लस टोचून घेतली होती, त्यात माझे आकडे सगळ्यांत वर गेले, म्हणून वाण्याच्या तराजूत वजन असतं तसं माझं रक्त आमचं वजन झालं. माझे आकडे नेहमीसारखे आले तर त्या दिवशीची प्लेट खरी, नाहीतर फेकून द्यायची. आमचे प्रमुख दीनानाथ सर म्हणायचे, नम्रताबाई, आपण स्वभावानं नसलात तरी रक्तानं विश्वासार्ह आहात. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू आठवडाभर मला वजन म्हणून हाक मारत होतीस.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर. त्याआधी महिनाभर आयुषच्या हातापायाचे पंजे सुजले होते आणि तपासणीत सिकलसेल निघाला होता. तुझ्यात अर्धा, तेजसमध्ये अर्धा. आपल्या तिकडे किती घरांत असतो, पण लग्न ठरवताना कोणी तपासलं नाही. मीसुद्धा नाही, रक्त तपासण्यात जन्म घालवलेली बाई! त्या मंगळवारी सकाळी तुझा फोन आला, आयुष पांढराफटक पडलाय, पोट टम्म झालंय. आईला साकोलीला फोन लावला तर तिनं तिथूनच सांगितलं, पानथरी वाढली असंल, दवाखान्यात पळा. खरंच अंगातलं रक्त पानथरीत, म्हणजे प्लीहेत, साचून बसलं होतं. रक्त लागेल म्हणाले, आणि पेढीत त्या गटाची पिशवी नव्हती. तेजस हिंजवडीच्या वाटेवर बसमध्ये अडकलेला. माझा गट जुळला, माझ्यात सिकलचा दोष नाही हे मला माहीत होतं. मी बाही वर केली. चाचण्या होऊन पिशवी वॉर्डात यायला दुपार झाली, आणि उन्हं कलेपर्यंत आयुषच्या ओठांवर रंग आला. तू माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणालीस, ताई, आता हा तुझाही झाला. मला मूल नाही याचं वाईट मी कधी कोणासमोर वाटून घेतलं नाही. पण त्या वाक्यानं मला काय झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्याच आठवड्यात त्याचा तिसरा डोस होता. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, सिकलसेलच्या पोरांना हा जंतू लवकर गाठतो, पंधरा दिवसांनी न विसरता द्या. पण त्या पाच दिवसांत त्याला इतक्या सुया लागल्या होत्या की पांढरा कोट दिसला की तो श्वासच कोंडून घ्यायचा, काळानिळा व्हायचा. तू मला जिन्यात विचारलंस, थोडं थांबलं तर चालेल का गं? थंडी जाईपर्यंत? याचं उत्तर सोपं होतं, नाही चालणार. कुठल्याही नर्सनं, कुठल्याही आशाताईनं तेच दिलं असतं, कारण त्यांच्याकडे प्लेट नसते. माझ्याकडे होती. मी म्हणाले, थांब, मी बघून सांगते.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. डिस्चार्जच्या सकाळी घेतलेल्या रक्तातली उरलेली नळी मी तिथल्या ओळखीच्या पोरीकडून मागून घेतली, बर्फाच्या डब्यातून लॅबला नेली, आणि दुसऱ्या दिवशी दहा प्लेटांच्या रिकाम्या खळग्यांत आयुषचं सीरम घातलं. नंबर नाही, नोंद नाही, फॉर्म नाही. आमच्याकडे हे करायचं नसतं. आमच्याकडे बाळाला नाव नसतं, फक्त बारकोडचं लेबल असतं, आणि ते तसं का असतं हे मी नव्या मुलांना शिकवते. माझ्या वहीच्या मागच्या पानावर मी फक्त ‘आ.’ लिहिलं. दहाच्या दहा आकडे रेघेच्या वर आले. एकोणीस-एफ नावाचा प्रकार सगळ्यांत खाली, शून्य पूर्णांक एक्केचाळीस. मी लॅबच्या जिन्यातूनच तुला फोन केला, पास झाला गं तुझा लेक, एका विषयात काठावर, पण पास! थंडी संपली की देऊ. तू फोनवर हुंदके द्यायला लागलीस. जानेवारीत तू पुन्हा विचारलंस, नेऊ का आता? मी म्हणाले, मार्च लागू दे. तेव्हा तो गॅलरीच्या जाळीला धरून उभा राहायला लागला होता, खाली पाण्याचा टँकर दिसला की हूंऽ करून सगळी इमारत गोळा करायचा. मी त्याच्यासाठी निळा स्वेटर आणला होता, बाह्या दोनदा दुमडाव्या लागायच्या.

सव्वीस फेब्रुवारीला दुपारी दोनला ताप आला, तीनला तुम्ही दवाखान्यात होतात, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला संपलं. त्या वेळाबद्दल मी काही लिहिणार नाही, तू तिथे होतीस. फक्त एक सांगते. सिकलसेल निघाल्यापासून त्याला रोज द्यायच्या त्या पेनिसिलिनच्या रिकाम्या पट्ट्या तू अजून काढून मोजत बसतेस असं तेजस म्हणाला. मोजू नकोस, बाई. तू एकही गोळी चुकवलेली नाहीस. त्याच्या रक्तात निघालेला तो न्यूमोनियाचा जंतू पेनिसिलिनला दाद देणारा नव्हताच, तसं रिपोर्टात स्पष्ट होतं. तू एक मिनिट उशीर केला नाहीस. या सगळ्यात तुझ्या हातून काहीही, काहीही चुकलेलं नाही.

आठ दिवसांनी जंतूचा प्रकार कळला. एकोणीस-एफ. तो तरुण डॉक्टर बोलून गेला, हा तर लसीतलाच प्रकार आहे. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, पण ताई, तो तर पास झाला होता ना? कॉरिडॉरमधला तो बाक, तुझ्या मांडीवर तो निळा स्वेटर. त्या क्षणी मला एवढं नक्की माहीत होतं की तिसरा डोस राहिला होता आणि तो कोणाच्या शब्दावर राहिला. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, निकू, आकडे असूनही काही पोरांत लस कामालाच येत नाही. असतात शंभरात चार-पाच. आयुष त्यातला असणार. हे मी शांतपणे सांगितलं, एम.एस्सी.च्या आवाजात. तू मान हलवलीस. तू आशाताईला जे ऐकवतेस ते तिथून आलंय. मीच ते तुझ्या ओंजळीत घातलं.

खरं काय झालं होतं ते मला एप्रिलमध्ये कळलं. माझ्या सीरमचा जुना साठा संपत आला होता, म्हणून दहाही प्रकारांचे माझे आकडे मी एका कागदावर उतरवत होते. प्रत्येक माणसाच्या आकड्यांची ठेवण निराळी असते, अक्षर असतं तशी. कोणाचा हा प्रकार वर, कोणाचा तो. माझा चौदा नंबर सगळ्यांच्या वर, त्याखाली तेवीस, आणि एकोणीस-एफ तळाला. तिथं आल्यावर माझा हात थांबला. मी वहीचं मागचं पान उघडलं आणि माझ्या आकड्यांना ‘आ.’च्या आकड्यांनी भागत गेले. पंधरा. सोळा. पंधरा. चौदा. पंधरा. सगळीकडे उत्तर तेच. माझ्या पिशवीतलं रक्त त्या एवढ्याशा अंगात गेल्यावर जेवढं पातळ व्हायला हवं, तेवढंच. निकू, त्या प्लेटमध्ये मला आयुषची अँटीबॉडी दिसलीच नव्हती. मला माझीच दिसली होती. मी पाच दिवसांपूर्वी त्याला दिलेली, उसनी. अशी उसनी अँटीबॉडी तीन आठवड्यांत निम्मी होते, पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्या निम्मी. फेब्रुवारीपर्यंत तिच्यातलं नाव घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन प्रकारांत त्याचा आकडा माझ्या हिशोबापेक्षा किंचित जास्त भरला, तेवढंच त्याचं स्वतःचं होतं. एकोणीस-एफ त्या दोनांत नव्हता.

आमच्या प्रत्येक अभ्यासात बाळाचा फॉर्म असतो. त्यावर सातवा प्रश्न असतो, बाळाला गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलं आहे का? उत्तर हो असेल तर ते बाळ बाद, त्याचं सीरम प्लेटवर घ्यायचंच नाही, कारण जे मोजाल ते त्याचं की दात्याचं हे कळत नाही. अठरा वर्षं मी तो प्रश्न वाचतेय. फॉर्म अपुरा म्हणून किती नमुने परत पाठवलेत, पोरांना किती टोमणे मारलेत. कुठल्याही परक्या बाळासाठी मी तो प्रश्न विचारलाच असता. आयुषचा फॉर्म भरला नाही, कारण तो आपला होता. आणि रक्त कोणी दिलं होतं? ज्या दंडावर सुईचा डाग अजून हिरवानिळा होता, त्याच हातानं मी ती प्लेट भरली. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिवाच मी होते.

हे कळलं त्याला दीड वर्ष होत आलं. तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. रोज ठरवायचे, रविवारी जाऊ. रविवारी वाटायचं, आत्ता कुठे ती जेवायला लागलीय, कशाला पुन्हा. मग तुला दिवस गेले, म्हटलं बाळंतपण होऊ दे. कारणांना काय तोटा असतो? खरं कारण एकच होतं आणि ते घाणेरडं आहे. मला तू गमवायची नव्हतीस. तुझ्या घरात मला ‘ताई’ म्हणून जो पाट होता, तो मला सोडवत नव्हता. जूनमध्ये मी अपेक्षाच्या लसीचं विचारायला आले तेव्हा तू दारातच म्हणालीस, तुझ्या लसीनं माझं लेकरू वाचलं नाही, आता हिच्याकडे बघूही नकोस. तेव्हासुद्धा एका वाक्याचं काम होतं. लसीनं नाही गं, मी. मी चपला घातल्या आणि लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरले. तुला वाटलं असेल, ताईला राग आला. मला हायसं वाटलं होतं, निकू. तू लसीवर रागावली होतीस, माझ्यावर नाही. तोवर मला पोरीचा रिपोर्ट माहीत नव्हता, पण ही काही सबब नव्हे.

काल सकाळी मी दीनानाथ सरांच्या केबिनमध्ये गेले आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. ते म्हणाले, भिंतीवर नियम लावलेत ते शोभेला आहेत असं आपल्याला वाटलं का? मग चष्मा काढून बराच वेळ ते पान बघत राहिले आणि म्हणाले, बाळ केवढं होतं? मी म्हणाले, तेरा महिन्यांचं. चौकशी होईल, प्लेटपासून मला दूर ठेवतील, बहुतेक नोकरीही जाईल. शेवटच्या रांगेतलं माझं सीरम काढून टाका असं मीच सांगून आले. त्याचे आकडे अजूनही अचूक येतात, पण मला ते बघवत नाहीत.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते, आणि ते माफीसाठी नाही. माफी तू देऊ नकोस, मीही मागत नाही. तू लसीवर रागावली आहेस, आणि ती रागाची चुकीची जागा आहे, जी मी माझा जीव वाचवायला तुला दाखवली. आयुषला लसीनं दगा दिला नाही. त्याला ती पुरती मिळालीच नाही, आणि ती मी मिळू दिली नाही. तो सगळा राग तिथून उचल आणि माझ्यावर घाल, जन्मभर घाल, मला तो हवा आहे. फक्त त्यातला एक थेंबही अपेक्षाच्या वाट्याला जाऊ देऊ नकोस. वहीच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. माझ्या शब्दावर आता विश्वास ठेवायचं कारण नाही, म्हणून ते पान तुमच्या डॉक्टरांना दाखव, ते समजावतील. बुधवारी, चोवीस तारखेला, वारज्यातल्या महापालिकेच्या दवाखान्यात सकाळी लसीकरण आहे, तेजसनं रजा टाकली आहे. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. पहिला डोस त्या दिवशी दे, पुढचे नर्स कार्डावर लिहील त्या तारखांना, शेवटचासुद्धा. ती रडेल, रडू दे. कोणी म्हणालं थांब, मी बघून सांगते, तर त्याला घरात घेऊ नकोस. मी येणार नाही, समोरच्या रस्त्यावरसुद्धा उभी राहणार नाही. आणि तिला कधी रक्त लागलं तर दुसऱ्या कोणाचं तरी मिळेल, मला बोलावू नका. तिच्या अंगात जे तयार होईल ते तिचं स्वतःचं असू दे.

तू खोडलंस तरी तुझीच,
ताई